पळसगावचा यशवंत

ठाकुर्लीच्या फलाटावरून दोन दिशांना गाड्या जातात. कल्याणकडे निघालेली कर्जत लोकल आपल्याला नेरळला, माथेरानच्या पायथ्याशी आणून सोडते. उलट बाजूला दिव्याला उतरून कोकणची गाडी धरली, तर रोहा मागे पडल्यावर माणगाव येते. माथेरान आणि माणगाव, दोन्ही जुन्या कुलाबा जिल्ह्यातली. (रायगड हे नाव १९८१ सालचे.)

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत या एका जिल्ह्याने दीड वर्षाच्या अंतराने दोन तरुण गमावले. माथेरानचे भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रज सरकारच्या गोळ्यांना बळी पडले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडला. तो त्याच सरकारच्या फौजेत होता. भाईंचे नाव आपण अभिमानाने घेतो आणि ते घ्यायलाच हवे. यशवंतचे नाव निघाले की मात्र आपण जरा अवघडतो.

हे अवघडलेपण मला पटत नाही. त्या काळच्या कोकणातल्या तरुणापुढे घरच्या तुटपुंज्या शेतीपलीकडे दोनच दरवाजे असत, मुंबईची गिरणी किंवा पलटण. मनीऑर्डर कुठून आली यावरून घराने माणसाचे मोल कधी केले नाही.

यशवंत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होता. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्याच्या हाताखालची सगळी तुकडी ठार तरी झाली किंवा जखमी होऊन पडली. उभा राहिला तो एकटा यशवंत. मागे कोणी नाही हे ठाऊक असूनही तो धावत गेला. हातबॉम्ब टाकून त्याने मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, एकाला टॉमीगनने टिपले. काडतुसे बदलायला वेळ नव्हता. त्याने बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपून मारले. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. जिंकलेल्या ठाण्यातच त्याने प्राण सोडला. वय बावीस.

त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या मोहिमेत असे वीस क्रॉस दिले गेले, त्यांपैकी सहा हिंदी सैनिकांना. त्या सहांतले दोन याच मराठा रेजिमेंटचे होते. दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले. ते जिवंत परतले आणि १९८४पर्यंत जगले.

सरकारी गौरवपत्रात हा पराक्रम मोजक्या शब्दांत आटोपतो. पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यात उल्लेख नाही; असल्या कागदांची ती रीतच नसते. जुलै म्हणजे कोकणात भातलावणीचे दिवस. गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या घराला अशी बातमी परदेशातून येते, तेव्हा हाती देह येत नाही, मूठभर राखही येत नाही. यशवंतच्या नावाची कबरही नाही. ज्यांच्या कबरी ठाऊक नाहीत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे इटलीतल्या कसिनोच्या स्मारकावर कोरली आहेत, त्यांत त्याचे एक. ब्रिटिश, कॅनडियन, हिंदी, सगळ्यांची नावे तिथे एकत्र आहेत. ते वाचायला जायचे तर पळसगावाहून सातासमुद्रापलीकडे जायला हवे!

इटलीकरांनी मात्र आठवण ठेवली. पेरुजियाजवळच्या मोंतोने या गावात जुलै २०२३मध्ये यशवंतच्या नावाने स्मारक उभारले गेले. हे स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे.

माणगावात तहसील कचेरीच्या आवारात यशवंतचा पुतळा आहे. जुलैत मोंतोनेच्या घड्याळावर ऊन असते, तेव्हा इथे पाऊस लागलेला असतो, आणि सात-बाराच्या कामाला आलेली माणसे छत्री मिटत त्याच्यासमोरून कचेरीत शिरतात.