कोपीतला नाताळ

डिसेंबर लागला की सगळ्यांच्या स्टेटसवर केक, चांदण्या आणि लाल टोप्या सुरू होतात. मला मात्र नाताळ म्हटलं की आधी आठवतात ते बैलांपुढं टाकलेले उसाचे वाढे.

मी केज तालुक्यातल्या युसूफ वडगावचा. आमचे आई-आप्पा ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन निघाले की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, घराला कुलूप. त्यामुळे लहानपणी माझा प्रत्येक नाताळ कोपीतच झाला. बांबू, पाचट, वर प्लास्टिकचा कागद. आई दारात कागदाची चांदणी टांगायची आणि सगळ्या टोळीला करंज्या वाटायची. टोळीतल्या बायाही हक्कानं विचारायच्या, ‘तुमची दिवाळी कवा हाय?’

पुढं नगरला शिकायला आलो. मोठं चर्च, पेटी-तबल्यावरची भजनं, रोषणाई. भारी वाटायचं. मग एका हंगामात आप्पांच्या पायावर कोयता बसला. महिनाभर काम बंद, उचल फिटली नाही, ती पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसली. त्यानंतर मी प्रार्थना सोडली. कुणाला सांगितलं नाही, फक्त रविवारी उशिरापर्यंत झोपायला लागलो.

त्याच सुमाराला लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हातात पडलं. 10 फेब्रुवारी 1895 ला ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कडक सोवळ्याच्या घरातल्या. नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून त्यांनी लगेच बदलला नाही. रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या. जातपात देवानं केली की माणसानं, हे त्यांनी स्वतःशी घोळवलं आणि काही वर्षांनी स्वतःच्या पायांनी त्या तिकडं गेल्या. मला तर श्रद्धा आडनावासारखी फुकट मिळालेली. तिच्याशी मी कधी भांडलोच नव्हतो.

गेल्या वर्षी 24 डिसेंबरला फडावर गेलो. रात्री जेवणं झाल्यावर आप्पांनी पवित्र शास्त्र पुढं सरकवलं. ‘लूक, दुसरा अध्याय. तू वाच.’ शंभरदा ऐकलेला भाग. सरकारी नावनोंदणीसाठी गाव सोडून निघालेलं जोडपं, बाई दिवस भरलेली, उतारशाळेत जागा नाही, बाळ गव्हाणीत ठेवलेलं. पहिली बातमी कुणाला? रात्री उघड्यावर जागणाऱ्या मेंढपाळांना. शेजारच्या कोपीत सातव्या महिन्यातली एक ताई झोपली होती, सकाळी तिनं मोळ्या उचलल्या होत्या. बाहेर बैल वाढे खात होते. माझा आवाज अडकला. बेथलेहेम म्हणजे ‘भाकरीचं घर’ हे संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं. भाकरीपायी घर सोडणाऱ्यांच्यात बसून ते आठवणं वेगळंच.

‘आप्पा, तुम्हाला देवाचा राग नाही येत?’

‘येतो की. त्यालाच बोलतो. मुकादमाला थोडंच बोलता येतंय?’

31 तारखेला चर्चमध्ये बारापर्यंत वॉचनाईट असते. फडावर पहाटे उठायचं, मग बारापर्यंत जागणार कोण? आईनं आठलाच उरकलं. कंदिलाभोवती बसून प्रत्येकानं सरत्या वर्षातली एक गोष्ट देवाला सांगायची. आईनं आप्पांच्या पायासाठी आभार मानले. आप्पांनी बैलांसाठी. माझी पाळी आली तेव्हा छान काही सुचेना. म्हणालो, ‘देवा, मी अजून रागावलेलोच आहे.’

मला वाटलं, आई दटावणार. ती डोळे मिटूनच म्हणाली, ‘हं, पुढं बोल.’

बोललो. बराच वेळ बोललो. वर्षाची थकबाकी होती. आप्पा मधेच घोरायला लागले.

यंदाही 23 तारखेच्या एसटीनं निघतोय. शेजारच्या ताईला मुलगी झालीय, ती आता नऊ महिन्यांची आहे. तिच्यासाठी स्वेटर घेतलाय. आईनं फोनवर सांगितलंय, चांदणीचा कागद विसरू नको, आणि लूक वाचायचं म्हणून चष्माही आण.