संगणकाची अर्धी उघडी खिडकी

खेळांसाठी जुळवून विकलेला तयार संगणक घरी आला, म्हणजे तो पूर्ण क्षमतेने चालतच असणार, असा आपला समज असतो. वडिलांनी वर्षभर पैसे साठवून धाकट्या भावासाठी असा संगणक घेतला, तेव्हा त्यातील एक सोय बंदच असल्याचे मला आढळले. तिचे नाव ‘रिसायझेबल बार’.

ही भानगड काय आहे? ग्राफिक्स कार्डाला स्वतःची स्मृती असते. आपल्या ग्रंथालयाचेच उदाहरण घ्या. आत हजारो ग्रंथ, पण देवघेव एका लहान खिडकीतून! तसाच मुख्य प्रोसेसरला या स्मृतीचा एका वेळी साधारणतः २५६ मेगाबाइटांचाच भाग दिसतो. स्मृती ८ गिगाबाइट असेल, तर हा केवळ बत्तिसावा हिस्सा झाला. ‘रिसायझेबल बार’मुळे सगळी स्मृती एकदम खुली होते. पीसीआय एक्स्प्रेसच्या मानकात ही तरतूद २००८ साली झाली, परंतु ए.एम.डी.ने २०२० मध्ये व एनव्हिडियाने २०२१ मध्ये ती आपल्या कार्डांसाठी आणली, तेव्हा कोठे ती खेळणाऱ्यांच्या कानी पडली.

प्रोसेसर, मदरबोर्ड व कार्ड हे तिघेही अनुकूल असतील, तर बायोसमध्ये ‘अबव्ह फोर-जी डीकोडिंग’ व ‘रिसायझेबल बार’ चालू करावे आणि ‘सीएसएम’ बंद करावे. मात्र खरा धोका येथेच आहे. विंडोज जुन्या ‘एमबीआर’ मांडणीच्या डिस्कवर असेल, तर ‘सीएसएम’ बंद करताच ती सुरूच होत नाही. म्हणून आधी विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’पुढे ‘यूईएफआय’ आहे ना, ते पाहावे. ‘लेगसी’ असल्यास कामाच्या फायलींची प्रत काढून डिस्क प्रथम ‘जीपीटी’ मांडणीत बदलावी. डिस्कला ‘बिटलॉकर’चे कुलूप असेल, तर त्याची किल्लीही आधीच लिहून ठेवावी. काही तयार संगणकांत हे पर्याय दिसतच नाहीत. अशा वेळी उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी दिलेला नवा बायोसच घ्यावा, भलताच नव्हे.

एवढे करून लाभ किती? काही खेळांत वेग थोडा वाढतो, काहींत फरक पडत नाही, क्वचित घटतोही. म्हणूनच एनव्हिडिया ही सोय निवडक खेळांपुरतीच वापरते. लाभ थोडा असो. पण ज्याचे मोल वडिलांनी मोजले, ते आपल्याला मिळते आहे की नाही, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात.