सात की साठ? : दूरचित्रवाणीच्या आवाजाची शेवटची वाट

समजा, शाळेच्या दालनात दूरचित्रवाणी संचावर गणिताचा पाठ चालू आहे. पडद्यावरचे शिक्षक म्हणतात, "आता यात साठ मिळवा." पुढच्या रांगेतली मुले वहीत ६० लिहितात. मागच्या रांगेतली काही मुले मात्र ७ लिहितात. चित्र सर्वांना सारखेच दिसले, पण शब्द सारखा ऐकू आला नाही. पुढचे सारे गणित चुकले ते एवढ्यामुळेच.

ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. २०२० साली करोनाच्या साथीमुळे शाळा बंद होत्या. तेव्हा दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका दाखवण्यात आली. अशा वेळी संचातून येणारा शब्द हाच मुलाचा वर्ग असतो.

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मुळशी तालुक्याचेच उदाहरण घेऊ. पुण्यात दूरचित्रवाणी आली ती १९७३ साली, सिंहगडावरील मनोऱ्यामुळे. त्या प्रक्षेपणाचे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जात. त्यामुळे पौडच्या पलीकडे, ताम्हिणीच्या वाटेवर, डोंगराच्या आड असलेल्या गावांना ते नीट मिळणे कठीण होते. उपग्रहामुळे ही अडचण दूर झाली. दूरदर्शनची मोफत डिश सेवा ज्या उपग्रहावरून येते तो पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे. आपल्या भागातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश उंच असतो. एवढ्या उंचीवरून येणाऱ्या तरंगांना सह्याद्रीचे डोंगर सहसा आडवे येत नाहीत. हजारो किलोमीटरांची वाट अशी मोकळी झाली. राहिली ती संचापासून कानापर्यंतची चार-पाच मीटरांची वाट. आज तिचाच विचार करू.

चपट्या संचाचा आवाज असा का?

हवेला ढकलले की ध्वनी निर्माण होतो. स्पीकरचा पडदा पुढेमागे हलतो आणि हवेत दाबाच्या लहरी उठतात. आवाज जितका खर्जातला, तितकी जास्त हवा ढकलावी लागते. ५०० हर्ट्झच्या सुराइतकाच मोठा ५० हर्ट्झचा सूर काढायचा असेल, तर त्याच पडद्याला शंभरपट अधिक अंतर हलावे लागते. जुन्या संचाच्या खोक्यात मोठा स्पीकर मावत असे. आजचे संच दोन-चार बोटे जाडीचे असतात. त्यांच्या चिमुकल्या स्पीकरला हे काम झेपत नाही.

दुसरी अडचण दिशेची आहे. पातळ संचात स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी ३.४ मीटर येते. एवढी लांब लहर संचाला सहज वळसा घालून पुढे येते. पण ४००० हर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम ८.५ सेंटिमीटर असते. ती वळत नाही. मागच्या भिंतीवर आपटून इकडेतिकडे पसरते.

आता 'सात' आणि 'साठ' हे शब्द हळू उच्चारून पहा. स्वर दोन्हींत एकच आहे. फरक आहे तो शेवटच्या व्यंजनात, जिभेच्या क्षणभराच्या स्फोटात आणि त्यामागून येणाऱ्या श्वासात. व्यंजनांची ओळख पटवणारा बराचसा ध्वनी २००० हर्ट्झच्या वर असतो आणि तो स्वरांपेक्षा पुष्कळ क्षीण असतो. म्हणून मागच्या रांगेला स्वर ऐकू येतात, पण व्यंजने हरवतात. आवाज वाढवला की स्वरही वाढतात, दालनातला घुमारा वाढतो आणि शब्द होता तसाच अस्पष्ट राहतो.

उपाय असा की आवाज संचाबाहेर काढावा आणि श्रोत्यांकडे तोंड केलेल्या मोठ्या स्पीकरांना द्यावा. हे काम करणाऱ्या वर्धकाला बाजारात 'होम थिएटर रिसीव्हर' म्हणतात. तो अनेक साधनांकडून आवाज घेतो, त्याचे भाग पाडतो आणि प्रत्येक स्पीकरला त्याचा वाटा देतो.

बाहेर पडण्याची तीन दारे

जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणात चित्र आणि आवाज एकाच वाहिनीवरून, पण वेगवेगळ्या वाहक तरंगांवर येत. आपल्या देशातील पद्धतीत आवाजाचा तरंग चित्राच्या तरंगापेक्षा ५.५ मेगाहर्ट्झने वर असे. काही हौशी मंडळी संच उघडून आतूनच आवाजाची तार बाहेर काढत. हे अत्यंत धोक्याचे होते. अनेक संचांचा धातूचा सांगाडा थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असे आणि चित्रनळीवर दहा हजार व्होल्टहून अधिक दाब असे. संच बंद केल्यावरही तो काही काळ टिके. आजच्या संचालाही हाच नियम लावावा: मागचे झाकण उघडायचे नाही. आवाज बाहेर नेण्यासाठी खास दारे ठेवलेली आहेत, त्यांचाच उपयोग करायचा.

पहिले दार तारेचे. हेडफोनची बारीक खोबण किंवा तांबड्या-पांढऱ्या गोल पिनांची जोडी. येथून आवाज विद्युतदाबाच्या चढउतारांच्या रूपाने बाहेर पडतो. एक गोष्ट मात्र नीट वाचावी. संचावरची तांबडी-पांढरी भोके पुष्कळदा आवाज आत घेण्यासाठी असतात. तेथे 'आउट' लिहिले असेल तरच आवाज बाहेर येईल.

दुसरे दार प्रकाशाचे. येथे आवाज आकड्यांच्या रूपात जातो. दर सेकंदाला ४८,००० वेळा ध्वनीची उंची मोजतात आणि प्रत्येक माप १६ द्विमान अंकांत लिहितात. डावा व उजवा मिळून सेकंदाला ४८,००० × १६ × २ = १५,३६,००० अंक होतात. हे अंक तांबड्या प्रकाशाच्या उघडझापीने एका प्लास्टिकच्या तंतूतून पाठवतात. १९८३ साली जपानच्या तोशिबा कंपनीने ही जोडणी आणली. तंतूच्या गाभ्याचा वक्रीभवनांक सुमारे १.४९ आणि वेष्टनाचा सुमारे १.४० असतो. म्हणजे क्रांतिक कोन जवळजवळ ७० अंश आला. त्याहून तिरपा किरण बाहेर न पडता आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. तंतूला करकचून मोडले तर हा कोन बिघडतो आणि प्रकाश गळतो.

तिसरे दार एचडीएमआयचे. ही तार मुळात एकेरी रस्ता आहे. चित्र आणि आवाज रिसीव्हरकडून संचाकडे जातात. पण कार्यक्रम संचातच आला असेल, तर आवाजाने परत कसे यावे? त्यासाठी २००९ साली 'एआरसी', म्हणजे आवाजाची परतवाट, ही सोय झाली. त्याच तारेतून आवाज उलट दिशेने रिसीव्हरकडे येतो. मात्र ही सोय संचाच्या एखाद्याच भोकाला असते आणि तेथे तशी खूण असते.

गुणगुण कोठून येते?

तारेच्या दाराने जोडणी केली की कधी कधी स्पीकरमधून 'हूं' असा अखंड स्वर येतो. संच, रिसीव्हर आणि डिशची तार वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडलेली असली, की तारांचे एक मोठे वेटोळे तयार होते. त्यात विजेच्या पुरवठ्याचा ठेका शिरतो. मुळशी जलाशयाचे पाणी सह्याद्रीखाली भिरा येथे उतरून जनित्रे फिरवते. त्या जनित्रांसकट देशाच्या जालातील सर्व जनित्रे ५० हर्ट्झच्या एकाच तालात चालतात. आपल्याला ऐकू येते ती याच तालाची गुणगुण, ५० आणि १०० हर्ट्झची. प्रकाशतंतू वापरला तर दोन उपकरणांत विजेचा संबंधच राहत नाही आणि गुणगुण थांबते. पण तंतूमुळे विजांपासून रक्षण होते असे मात्र समजू नये. पावसाळ्यात गडगडाट सुरू होण्यापूर्वीच पिना आणि डिशची तार काढून ठेवावी.

आवाज आलाच नाही तर?

उपकरण बिघडले असे म्हणण्यापूर्वी चार गोष्टी क्रमाने पहाव्यात.

१. संचाच्या ध्वनीच्या यादीत 'बाहेरचा स्पीकर' निवडला आहे काय? आणि रिसीव्हरवर योग्य दार निवडले आहे काय?

२. एचडीएमआय तार एआरसीची खूण असलेल्याच भोकात आहे काय? दोन्ही उपकरणांच्या यादीत ती सोय चालू केली आहे काय?

३. आवाजाची भाषा दोघांना समजते काय? सहा वाटांचा आवाज न दाबता पाठवायचा तर सेकंदाला ४६,०८,००० अंक लागतात. म्हणून तो सांकेतिक रीतीने दाबून सुमारे दहाव्या हिश्श्यावर आणतात. रिसीव्हरला तो संकेत उलगडता आला नाही, तर तो मुका राहतो. संचाच्या यादीत 'पीसीएम' निवडले, की साधा दोन वाटांचा आवाज जातो आणि तो बहुतेक सर्व रिसीव्हरांना कळतो.

४. संगीत ऐकू येते पण बोलणे नाही, असे होते काय? सहा वाटांच्या आवाजात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरकडे जातो. मधला स्पीकर जोडलेला नसेल, पण रिसीव्हरला तो आहे असे सांगितले असेल, तर नेमके शब्दच नाहीसे होतात. रिसीव्हरच्या यादीत 'मधला स्पीकर नाही' असे नोंदवले, की शब्द डाव्या-उजव्या स्पीकरांत वाटले जातात.

ओठ आधी की शब्द आधी?

संचाला चित्रावर बरेच संस्कार करावे लागतात. सेकंदाला २५ चित्रे असतील तर एका चित्राला ४० मिलिसेकंद मिळतात. संचाने दोन चित्रांएवढा वेळ घेतला तर चित्र ८० मिलिसेकंद मागे पडते आणि आवाज आधी पोचतो. आपला मेंदू याला फार सोसत नाही. आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी जाणवते. उशिरा आला तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत सहसा लक्षात येत नाही. याचे कारण आपल्या अनुभवात असावे. निसर्गात वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, उलट कधीच होत नाही. म्हणून रिसीव्हरमध्ये आवाज थोडा थोपवून धरण्याची सोय असते. ओठ आणि शब्द जुळेपर्यंत ती थोडी थोडी वाढवावी.

करून पहा

शिक्षकांच्या मदतीने सात-साठ, पाट-पाठ, ताट-थाट, कार-खार अशा जोड्यांतील २० शब्द उलटसुलट क्रमाने बोलून मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. ते संचावर लावा आणि शेवटच्या रांगेतील दहा जणांना ऐकू येईल तो शब्द लिहायला सांगा. मग क्रम बदलून तितक्याच मोठ्या आवाजात रिसीव्हरमधून ऐकवा. दोन्ही वेळच्या चुका मोजून तक्ता करा. चुका कमी झाल्या नाहीत, तर दालनाच्या उघड्या भिंतींवर गोधड्या किंवा सतरंज्या टांगून तिसऱ्यांदा मोजा. आवाजाची वाट कोठे अडली होती, संचात की भिंतींत, हे तुमचा तक्ताच सांगेल.