डेव्हिड लुईस यांची खरीखुरी विश्वं

विश्वासरावांना गोळी लागली नसती तर पानिपतचा निकाल फिरला असता. या वाक्यावर मराठी माणसानं किती रात्री जागवल्या असतील! हिरिरीनं वाद घालणारे दोन्ही पक्ष एक गोष्ट मात्र धरून चालतात, की हे वाक्य खरं तरी आहे किंवा खोटं तरी. पण कशाच्या आधारावर? १४ जानेवारी १७६१ला गोळी लागली आणि फौज मोडली. न लागलेल्या गोळीची नोंद या जगातल्या कुठल्याच दप्तरात सापडायची नाही.

हा प्रश्न विसाव्या शतकात सर्वांत निकरानं लढवला तो डेव्हिड लुईस या अमेरिकी तत्त्वज्ञानं. ओहायोतल्या ओबरलिनमध्ये १९४१ साली त्यांचा जन्म झाला. स्वार्थमोर कॉलेजात शिकताना ते वर्षभर ऑक्सफर्डला राहिले, तिथे आयरिस मर्डॉक त्यांच्या शिक्षिका होत्या. पुढे हार्वर्डला विलर्ड क्वाइन यांच्याकडे पीएच.डी. केली आणि १९७० पासून अखेरपर्यंत, म्हणजे २००१ पर्यंत, प्रिन्स्टनला शिकवलं. गंमत अशी की नुसत्या शक्य गोष्टींची सर्वांत बोचरी टर क्वाइन यांनीच उडवली होती. १९४८च्या एका निबंधात त्यांनी विचारलं होतं: समोरच्या रिकाम्या दारात उभा असू शकणारा लठ्ठ माणूस आणि तिथेच उभा असू शकणारा टकला माणूस, हे दोघे की एकच? आणि एकूण किती जण त्या दारात मावतात? अशा गुरूच्या शिष्यानं रिकाम्या दाराऐवजी अख्खी विश्वंच मांडली.

१९७३ साली आलेल्या ‘काउंटरफॅक्च्युअल्स’ या पुस्तकात लुईस यांनी ‘असतं तर’च्या वाक्यांची रीत लावून दिली. जग जसं असू शकलं असतं अशी सगळी शक्य विश्वं डोळ्यांसमोर आणायची, आणि त्यांतली ज्यांत गोळी लागत नाही ती घ्यायची. त्यांतली आपल्या विश्वाशी जास्तीत जास्त मिळतीजुळती निवडायची. म्हणजे तीच उपाशी फौज, तेच अब्दालीचं राखीव सैन्य, फक्त गोळी चुकलेली. तिथे मराठे जिंकत असतील तर वाक्य खरं. रीत सोपी वाटते, पण तिचं सामर्थ्य पुढे दिसतं. ‘विश्वासराव वाचले असते तर जिंकलो असतो’ आणि ‘विश्वासराव वाचले असते, पण भाऊसाहेब आधीच पडले असते, तर हरलो असतो’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. शाळेत शिकवलेल्या ‘जर-तर’च्या तर्कात असं चालत नाही, तिथे अट वाढवली म्हणून निष्कर्ष उलटत नसतो. लुईस यांच्या रीतीत चालतं, कारण दुसरी अट घातली की आपण वेगळ्या, जरा दूरच्या विश्वांकडे पाहू लागतो. इतिहासकार एरवी नकळत हेच करत असतो. काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं, यावरच त्याचं सगळं भांडण असतं.

पण ही विश्वं म्हणजे नेमकं काय? इतर तत्त्वज्ञ इथे हात आखडता घेतात. १७१० साली लाइबनिझनं शक्य विश्वं देवाच्या मनात ठेवली होती. लुईस यांनी १९८४ मध्ये ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानांतून १९८६चं ‘ऑन द प्लुरॅलिटी ऑफ वर्ल्ड्स’ हे पुस्तक झालं. त्यात ते सरळ सांगतात की ती सगळी विश्वं आपल्या विश्वाइतकीच खरी आहेत. तिथेही माती आहे, माणसं आहेत, वेदना आहेत. आपलं विश्व ‘वास्तव’ म्हणायचं ते ‘इथे’ किंवा ‘आत्ता’ म्हणतो तशाच अर्थानं. तिथला माणूसही तितक्याच हक्कानं स्वतःच्या विश्वाला वास्तव म्हणतो. हे ऐकून लोक नुसते डोळे विस्फारून बघत राहतात, हा आक्षेप लुईस यांनी स्वतःच नोंदवला आणि त्याचं खंडन करता येत नाही हेही कबूल केलं. त्यांचा युक्तिवाद हिशोबाचा होता: संच मानले की सारं गणित हाती येतं म्हणून आपण संच मानतो, तसंच ही विश्वं मानली की शक्यता, कार्यकारण, कल्पित कथांतलं सत्य, सगळ्याचा उलगडा होतो. मग किंमत मोजायला का कचरायचं?

ही विश्वं विज्ञानकथेतली नव्हेत. जयंत नारळीकरांच्या पानिपतावरच्या कथेत गंगाधरपंत दुसऱ्या इतिहासात जाऊन परत येतात. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या क्वांटम कल्पनेतही शाखा एकाच भूतकाळातून फुटतात. लुईस यांच्या दोन विश्वांत मात्र अंतर नाही, काळ नाही, वाट नाही. जिथे जाता येतं ते याच विश्वाचा भाग ठरतं. त्यामुळे तिथे वाचलेले विश्वासराव हेही आपले विश्वासराव नव्हेत, त्यांचं प्रतिरूप.

तत्त्वज्ञ सॉल क्रिपके यांनी बोट ठेवलं ते इथेच. १९७० मध्ये प्रिन्स्टनलाच दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी ह्युबर्ट हम्फ्री यांचं उदाहरण घेतलं. हम्फ्री १९६८ साली निक्सनकडून अध्यक्षपदाची निवडणूक हरले होते. ‘मी जिंकलो असतो’ असं हम्फ्रींना वाटतं तेव्हा दुसऱ्या विश्वातला, त्यांच्यासारखा दिसणारा कोणी जिंकला याचं त्यांना काय सोयरसुतक? हा घाव वर्मी बसतो. हळहळ स्वतःसाठीच असते. पण लुईस यांचं उत्तर जेवढं हलकं समजलं जातं तेवढं ते नाही. ते म्हणतात, जिंकू शकले असते ते हम्फ्रीच. प्रतिरूप असणं ही तसं असण्याची फक्त तऱ्हा आहे. आणि शक्यतेचा अर्थ लावायला खऱ्या विश्वांऐवजी वाक्यांचे संच मानणाऱ्यांना तोच प्रश्न उलटून विचारता येतो. वाक्यांच्या संचाला कोणी मत देत नाही, तो निवडणूक जिंकत नाही. मग हम्फ्रींना त्याचं तरी काय? माझ्या मते क्रिपके यांचा आक्षेप लुईस यांच्याइतकाच त्यांच्या विरोधकांच्याही गळ्यात पडतो. मला ती विश्वं मानवत नाहीत. पण ती नाकारणाऱ्या बहुतेकांनी ‘असू शकतं’ हा शब्द उधारीवर वापरला आहे, आणि उधारी किती हे सांगायचं टाळलं आहे.

नीतीचा आक्षेप त्याहून जिव्हारी लागणारा आहे. बुडणाऱ्या मुलाला मी वाचवलं तरी कुठल्या तरी विश्वात ते बुडणारच. एकूण दुःखात काही फरक पडत नाही. मग उडी का मारायची? लुईस या युक्तिवादाला बधले नाहीत. साऱ्या विश्वांच्या बेरजेची चिंता करणारी नीती त्यांना परकी वाटत होती. माझी काळजी असते ती माझ्या आसपासच्या माणसांची, आणि माझ्या हातून काय घडतं याची. त्या दुसऱ्या विश्वात मूल बुडलं तर तिथे उडी न मारणारा कोणी दुसराच असतो. इथे न मारणारा मी असेन.