वेल्डला भोकं का पडतात?

तार आपोआप पुढे सरकते, म्हणून सीओटू वेल्डिंग सोपं वाटतं. त्यातले दोष मात्र चकवतात.

नेहमीचा दोष म्हणजे बारीक भोकं. वितळलेल्या पोलादात हवेतला नायट्रोजन शिरतो आणि धातू थिजताना बुडबुडे होऊन तिथेच अडकतो. पहिला संशय शेजारच्या पंख्यावर घ्यावा. साधी झुळूकही संरक्षक गॅसचं आवरण उडवते. मग नोझलमध्ये साचलेले शिंतोडे, पत्र्यावरचा गंज, तेल, रंग पाहावा. अनेक कारागीर सरळ गॅसच वाढवतात आणि तिथेच फसतात. एरवी मिनिटाला १० ते १५ लिटर पुरतो; जोर फार झाला तर भोवरे उठून बाहेरची हवा आत ओढली जाते.

भोकांवरून पुन्हा वेल्ड फिरवणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणं. ग्राइंडरने स्वच्छ धातू लागेपर्यंत खरवडावं.

त्याहून धोकादायक दोष दिसायला गुळगुळीत असतो : वेल्ड नुसता वर बसलेला, आत मुरलेलाच नाही. टाकाऊ तुकडे जोडून, वाइसमध्ये धरून हातोड्याने वाकवून पाहावेत. सांधा अख्खा उचकटला, तर व्होल्टेज वाढवावं आणि आर्क वितळलेल्या डबक्याच्या पुढच्या कडेवर ठेवावा.