चंद्रावरचे दगड आणि वाक्यपृथक्करण

मराठीच्या तासाला वाक्यपृथक्करण निघाले, की वर्गात कोण कोण जांभया देतो ते आम्हा शिक्षकांना फळ्याजवळून चांगले दिसते, बरं का! 'उद्देश्य-विधेय शोधून करायचंय काय?' हा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावरच लिहिलेला असतो. तर मग ऐका.

जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावरून सुमारे साडेएकवीस किलो दगड-माती आणली. कोणत्या दगडात कोणते मूलद्रव्य किती, हे तपासून ती माहिती संगणकात भरली गेली. पण दगडांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना संगणकाची भाषा कुठे येत होती? तेव्हा अमेरिकेतल्या विल्यम वुड्स यांनी सहकाऱ्यांसह 'लूनर' नावाचा प्रोग्राम तयार केला. त्याला साध्या इंग्रजीत विचारायचे, 'अमुक जातीच्या दगडांत अॅल्युमिनियम सरासरी किती?' काय शोधायचे, कशात शोधायचे आणि अट कोणती, असे वाक्याचे तुकडे पाडून तो उत्तर काढी. म्हणजे वाक्यपृथक्करणच की! १९७१ साली चंद्रविज्ञान परिषदेत शास्त्रज्ञांनी त्याला १११ प्रश्न घातले. त्यांपैकी ७८ टक्के प्रश्नांची उत्तरे बरोबर आली.

आता असे तुकडे पाडणारा प्रोग्राम पहिल्यापासून लिहीत बसावे लागत नाही. पायथॉन या संगणकभाषेत 'पायपार्सिंग' नावाची तयार हत्यारपेटीच मिळते. व्याकरणाचे नियम आपण लिहून द्यायचे, तुकडे ती पाडते. मात्र त्या तुकड्यांचा अर्थ काय, हे आपल्यालाच ठरवावे लागते. आणि खरी गंमत तिथेच होते!

चौथी-पाचवीची मुले एकत्र बसवून मी एकदा हा खेळ घेतला. प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी केली. तिच्यावर इयत्ता आणि घरी सायकल आहे की नाही, एवढेच लिहिले. एक मुलगा झाला संगणक. त्याला नियम दिला, "'आणि' आलं, की दोन्ही अटी पुऱ्या करणारीच चिठ्ठी उचलायची." पहिला प्रश्न आला, "पाचवीतल्या आणि सायकल असलेल्या मुली सांग." उत्तर अगदी बरोबर! मग एकीने विचारले, "चौथीतल्या आणि पाचवीतल्या मुली सांग."

संगणक चिठ्ठ्या चाळचाळून म्हणाला, "एकही नाही!"

मुली खवळल्या. "अरे, आम्ही काय इथे बसलेलो नाही?" पण बिचाऱ्याचे काय चुकले? एकाच वेळी चौथीत आणि पाचवीत बसणारी मुलगी कुठून आणायची? इथल्या 'आणि'चा अर्थ होता 'किंवा'. तुम्हाआम्हाला ते न सांगता कळते, यंत्राला त्यासाठी वेगळा नियम लागतो.

वर्गात मुली समोरच होत्या, म्हणून चूक लगेच सापडली. पण हजारो रुग्णांच्या नोंदींतून यंत्राने असेच थंडपणे 'एकही नाही' सांगितले, तर कुणाला संशय येणार? म्हणून आम्ही आमच्या संगणकाला आणखी एक नियम दिला. उत्तर देण्याआधी त्याने म्हणायचे, "मला प्रश्न असा समजला..."

पुढच्याच प्रश्नाला तो म्हणाला, "मला असं समजलं, की चौथीतही आहे आणि पाचवीतही आहे अशी मुलगी हवी." अख्खा वर्ग ओरडला, "नाही!"