कचेरी सांभाळून संशोधन

कन्हानकाठच्या कामठीत दिवसभर वर्ग, औषधालय किंवा कचेरी सांभाळणाऱ्या ज्या जिज्ञासूस रात्री प्रबंधास बसावेसे वाटते, त्याच्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी अंशकालीन पीएच.डी.ची वाट मोकळी ठेवली आहे. परंतु संशोधनास पुरेसा अवकाश मिळेल आणि गरज पडल्यास पूर्वअभ्यासक्रमासाठी कार्यमुक्त करू, अशी हमी देणारे मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र त्याला दाखल करावे लागते. मुदत किमान ३ वर्षे, सामान्यतः कमाल ६. परदेशी व्यावसायिक डॉक्टरेटमध्ये संशोधनाचा प्रश्न बहुधा उमेदवाराच्या व्यवसायातूनच निघतो, आणि आपल्याकडेही तसेच व्हावे, असे मला मनापासून वाटते. कारण शाळेतील गळती किंवा औषधचिठ्ठीतील प्रमाद नित्य पाहणाऱ्याजवळ जी अनुभवसामग्री असते, ती बाहेरच्या अभ्यासकास दुर्लभच. मात्र संशोधनात सहभागी होण्यास हाताखालच्या माणसाने दिलेली संमती खरोखर स्वेच्छेची आहे ना, हे अशा उमेदवाराने आधी पारखावे.